तिन्ही बाजू

ताईंच्या कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. जलरोधक पेटीचं रबरी कडं त्या स्वतः पुसत, स्वतः त्याला ग्रीस लावत, आणि झाकणाच्या दोन्ही कड्या खटकन बसल्या की मगच बोटीत पाऊल ठेवत. सव्वीस वर्षांत त्या पेटीत पाण्याचा एक थेंब गेला नव्हता. हे त्या कुणी न विचारताही सांगत.

आणि का सांगू नये? किनाऱ्यापासून अर्ध्या तासावरचा एकच प्रवाळखडक, त्यावरचे चारशे मासे, सगळे एका हातानं टिपलेले. असं पुस्तक आजवर कुणी केलं नव्हतं. तीनशे नव्याण्णव झाले होते आणि छापखाना शेवटच्या पानासाठी अडला होता.

त्यांची पद्धतही ठरलेली. एका माशाचे तीनच फोटो. आधी डावी बाजू, मग उजवी, शेवटी समोरून चेहरा. तेही तीन वेगळ्या दिवशी, कारण एकाच बुडीत मागे लागलं की मासा बिथरतो. तिन्ही बाजू झाल्या की वहीत बरोबरची खूण करायची आणि त्या माशाला पुन्हा त्रास द्यायचा नाही. या नियमापुढे ताई कुणाचं ऐकत नसत, स्वतःचंही नाही.

सोबतीला धाकटा भाऊ असे. पन्नाशी उलटली तरी ताईंच्या लेखी धाकटाच. बोट तोच चालवी, खडकावरच्या तरंगत्या बोयाला बांधी आणि ताईंबरोबर खाली उतरे. पाण्यात एकट्यानं जायचं नाही, हा त्याचा नियम.

चारशेवा मासा वीतभर लांबीचा, गडद निळा, पिवळ्या ओठांचा. अठरा मीटरवर एका कपारीत राही आणि सदा पाठ करून बसे. भावानं त्याचं नाव ठेवलं होतं मुखदुर्बळ. त्या सोमवारी मात्र तो आपणहून बाहेर आला आणि ताईंसमोर डावी बाजू करून थांबला.

दुपारी ताई कॉम्प्युटरसमोर बसल्या. मुखदुर्बळ झकास आला होता. पुढचा फोटो उघडला आणि त्यांचा हात थांबला.

काळ्या पोशाखातली एक बाई, पाण्यात आडवी, डाव्या बाजूनं. त्या स्वतःच होत्या.

आधी त्यांनी फोटोच पाहिला. खोड जात नाही. फोकस नेमका मास्कमागच्या डोळ्यावर, पायातल्या फिनच्या टोकापर्यंत सगळं चौकटीत, पाण्यात गाळाचा एक कण नाही. काम चोख होतं. मग त्यांनी भावाला हाक मारली.

"ही थट्टा तुझी का रे?"

"ताई, मी पाण्यात साधा डबा तरी नेतो का?" तो हसत वाकला आणि मग हसायचा थांबला. "आणि कॅमेरा तर तुझ्याच हातात दिसतोय."

होता खरा. दोन्ही हातांत घट्ट धरलेला. फोटोवरचा क्रमांकही त्याच कॅमेऱ्याचा होता, आधीच्या फोटोला लागून.

मंगळवारी मुखदुर्बळानं उजवी बाजू दिली. ताईंनी बटण मोजून एकदाच दाबलं होतं. कार्डावर दोन फोटो निघाले. दुसऱ्यात ताई, उजव्या बाजूनं.

"उद्या नको जाऊ या," भाऊ म्हणाला.

"चारशेवा अर्ध्यावर सोडू? लोकांचं जाऊ दे, मासे हसतील मला."

"मला हे ठीक वाटत नाही, ताई."

"मग तू बोटीत बस."

तो बोटीत बसणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बुधवारी मुखदुर्बळ वळला आणि त्यानं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. ताईंनी बटण दाबलं. त्या क्षणी खडकावरचा लहानमोठा प्रत्येक मासा जागीच थांबल्यासारखा वाटला. प्रत्येकाचं तोंड त्यांच्याकडे होतं. मग पुन्हा सगळं हलू लागलं.

त्या दुपारी कार्डावर ताईंचा चेहरा होता.

भीती वाटली. पण खरं सांगायचं, तर त्याहून जास्त अभिमान वाटला. सव्वीस वर्षांची सगळी मेहनत त्या डोळ्यांत उतरली होती. मास्कच्या काचेत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडायला हवं होतं. काचेत नुसतं निळं पाणी होतं.

"इतका चांगला तर मीही काढला नसता," ताई म्हणाल्या आणि तोच फोटो त्यांनी पुस्तकाच्या मागच्या पानासाठी पाठवून दिला. वहीत चारशेपुढे बरोबरची खूण केली.

गुरुवारी काम नव्हतं. सवयीनं कॅमेरा घेतला इतकंच, उतरल्या त्या फक्त डोळे भरून बघायला.

खडक रिकामा होता.

प्रवाळ होतं, ऊन होतं, वाळू होती. मासा एकही नाही.

बाजूला भाऊ मास्कपुढून हातानं काहीतरी बाजूला सारत होता. त्यानं ताईंचं कोपर ओढलं, बोट दाखवलं. ताईंनी पाहिलं. तिथे नुसतं पाणी होतं.

गालाला काहीतरी मऊ लागलं आणि चटकन दूर झालं.

वर येताच भावाचा आनंद मावेना. "पाहिलंस ना, ताई! अख्खा खडक तुला भेटायला आला होता. मुखदुर्बळ तर तुझ्या नाकासमोर उभा होता!"

ताईंना रडू आलं होतं, डोळे त्यांनी टॉवेलात पुसले. तक्रार तरी कुणाकडे करणार? तिन्ही बाजू झाल्या की संपलं, हा नियम त्यांचाच होता.

आज त्यांनी बटण एकदाही दाबलं नव्हतं. तरी घरी आल्यावर कार्ड लावलं. त्यावर एक फोटो होता.

"अरे, हा तर मी!" भाऊ मागून वाकून म्हणाला. "कधी काढलास? मस्त आलाय."

फोकस नेमका डोळ्यावर. डावी बाजू.

"उद्या तू येऊ नकोस," ताई म्हणाल्या. "मीही जात नाही."

"काहीतरीच तुझं! आज पहिल्यांदा मासे माझ्याजवळ आले, ताई. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा." त्याची छाती अभिमानानं फुगली होती. बाहेर अंगणात त्यानं उद्याच्या बुडीसाठी हवेची टाकी भरायला लावलेली होती.