काट्यावरची दुसरी

आमच्या नगरपालिकेच्या विमानतळावर माणसांचंही वजन करतात, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. विमान जेमतेम आठ-नऊ जणांचं. कोणाला पुढे बसवायचं आणि कोणाला मागे, हे वैमानिक वजन बघून ठरवतो. काट्यापाशी मी असते. गावातल्या बायकांची खरी वजनं मला ठाऊक, त्यामुळे माझ्याशी कोणी वाकड्यात शिरत नाही.

त्या संध्याकाळी माझी धाकटी बहीण निघाली होती. कितीतरी वर्षं खेटे घातल्यावर तिला नोकरी लागली होती, आणि सकाळी हजर व्हायचं होतं. तळ्यावरचं धुकं हळूहळू धावपट्टीवर सरकत होतं. त्याच तळ्यात मागे एकदा आमचं विमान पडलं होतं. सगळे सापडले, एक शिक्षिका सोडून. सुट्टीला घरी निघाली होती बिचारी.

"चढ गं. फुंकर मारली तरी उडशील तू," मी म्हटलं.

ती चढली. काटा तिच्या वजनावर आला, जरा थांबला... आणि पुढे सरकला. मागाहून कोणीतरी पाय ठेवावा तसा.

"ताई, इतकं काय खाल्लं मी?" ती हसली.

तिला उतरवून मी स्वतः चढले. माझं वजन बरोबर. रांगेतल्या व्यापाऱ्याचंही बरोबर. बहीण पुन्हा चढली, आणि काटा पुन्हा तसाच, दोनदा हलला. आता वास आला. तळ्याच्या गाळाचा, कुजट. मी तिचा हात धरून तिला खाली ओढलं.

"तू नाही जायचंस."

"ताई, उद्या हजर नाही झाले तर नोकरी जाईल..."

"जाऊ दे."

विमान तिच्याविना गेलं आणि सुखरूप पोचलं. तसा निरोप आला तेव्हा ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बघ." तिच्या हातातोंडाशी आलेला घास मी हिसकावला होता. मला रडू फुटलं. पण खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. बहीण माझ्यासमोर होती, धडधाकट.

स्कूटरवरून आम्ही घरी निघालो. तिची बॅग माझ्या पायांपाशी, ती मागे. चढावर स्कूटर रडायला लागली.

"इतकी काय रेटतेस? नीट बस ना."

"मी कुठे रेटतेय?" ती कुरकुरली. "मलाच मागे जागा नाही..."

मी मागे वळून पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

घरासमोर थांबले. आईने दार उघडलं. बहीण उतरली आणि तडक आत गेली. मागचा भार गेला तशी स्कूटर वर आली. मी बॅग उचलायला वाकले.

तेव्हा स्कूटर आणखी एकदा वर आली.

आई अजून दार उघडं धरून उभी होती.