निळ्या टिकलीची बाटली

उद्यापासून तुझी इस्पितळातली ड्युटी सुरू होतेय, भाचीबाई, म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी उजेडातसुद्धा काढत नाही. आणि तुम्ही दोघे भाऊ, ते मोबाइल आधी खिशात घाला.

कापूस, बँडेज, लघवी तपासायच्या बाटल्या... इस्पितळांना मी काय काय पुरवतो ते तुम्हाला पाठच आहे. त्या दिवशी बाटल्यांचा सीलबंद खोका पोचवायला गेलो होतो. नऊ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. अपघात विभागात ड्युटीला आमची झटपट सिस्टर. हे नाव मीच ठेवलं.

तिथला नियम असा, की बाई पेशंट आली की सोबतचा माणूस बाहेर काढायचा, दार लावायचं आणि पाच प्रश्न विचारायचे. घरी कोणी मारतं का? तुझं ओळखपत्र तुझ्याजवळ आहे की दुसऱ्याकडे? कामावरून जाऊ देत नाहीत का? असे. आणि ह्या बाईसाहेब काय करायच्या? आल्या आल्या तीस कोरे फॉर्म घेऊन पाचही ठिकाणी ‘नाही’वर खुणा करून ठेवायच्या! पेशंटचं नाव तेवढं मागाहून.

वर मलाच सांगते, “शेठ, विचारलं तरी ‘नाही’च म्हणतात हो. वेळ वाचतो.”

वाचलेल्या वेळात खुर्चीत घोरायची.

जिला तोंड उघडायची भीती वाटते तिच्यासाठी आणखी एक सोय होती. बायकांच्या बाथरूममध्ये चिठ्ठी लावलेली : मदत हवी असेल तर बाटलीला निळी टिकली चिकटवा. टिकल्यांचा डबा शेजारीच. अक्कल लावून केलेली सोय. पण अक्कल नुसती भिंतीवर लावून काय उपयोग?

त्याच वर्षी उन्हाळ्यात कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ एका बाईला घेऊन आला होता. तोंडात सारखं ‘ताई, ताई’. “घरकामाला ठेवलीय ताई, जिन्यावरून पडली.” त्या बाईनं टिकली लावून बाटली हातात दिली. आणि सिस्टरनं, नावाचं लेबल लावायला जागा हवी म्हणून, ती टिकली नखानं खरवडून काढली. त्या बाईच्या डोळ्यांदेखत!

आठव्या दिवशी ती बाई परत आली. चादरीखाली.

पुन्हा जिन्यावरून पडली म्हणे. सगळा दोष जिन्याचा! फॉर्मवर पाच ‘नाही’ होतेच. प्रकरण मिटलं.

आता नऊ नोव्हेंबर. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. पुढचं सिस्टरनंच मला सांगितलं, दोन्ही हातांनी कप धरून.

रात्री सव्वादोन. तोच माणूस. तोच कडक शर्ट. सोबत अठराएक वर्षांची मुलगी, मनगट सुजलेलं.

“पुतणी आहे, ताई. जिन्यावरून...”

सिस्टरनं खुणा केलेला फॉर्म ओढला. माझा खोका फोडला. बाटली काढली. बाटलीला निळी टिकली.

नख लावलं. निघेना.

दुसरी काढली. टिकली.

तिसरी. टिकली.

मागे कोणीतरी म्हणालं, “विचार.”

वळून पाहिलं. रिकामा पलंग. त्यावर चादर. चादर जरा वर आली... खाली गेली. श्वास घेतल्यासारखी.

“तुम्ही बाहेर व्हा,” सिस्टर त्या माणसाला म्हणाली.

“अहो ताई, तिला नीट सांगता येत नाही, मीच...”

“बाहेर!”

दार लावलं. कोरा फॉर्म घेतला. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, “तुला कोणी मारतं का गं?”

मुलगी बघत होती सिस्टरच्या खांद्यामागे...

“सांगितलं ना मघाशी. त्या मावशींना.”

“कुठल्या मावशी?”

“त्या... चादर पांघरलेल्या.”

“मग, मामा? ती मुलगी?”

सुटली, भाचीबाई. पोलीस आले तेव्हा त्या सज्जनाच्या खिशात तिचं ओळखपत्र निघालं, आणखी चार मुलींचीही निघाली. सिस्टरला प्रशस्तिपत्र मिळालं, फोटो छापून आला, ‘धाडसी परिचारिका’. मी टाळी वाजवली नाही. जे काम मेलेल्या बाईला उठून करावं लागलं, त्याचं कसलं कौतुक?

इस्पितळानं खोका मला परत पाठवला, माल डागी म्हणून. तपासल्याशिवाय मी परतीचा माल घेत नाही. सत्त्याण्णव बाटल्या स्वच्छ. तीन टिकलीच्या. एक त्या कपाटात आहे, भाचीबाई. आण. अशी दिव्यापाशी धर.

झाकणाचं सील बघ. शाबूत आहे ना?

आता टिकलीवर बोट फिरव.

...नाही लागत. ती आतून आहे.

आणि तिच्या कडेला ते नखाचे ओरखडे... तेही आतूनच.