मागच्या दाराचा पत्ता

ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच पहिली हसले असते. मी करुणा. बँकेत नोकरी करते, तोंडानं फटकळ आहे, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर चहासुद्धा विचारलेला नाही.

पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घडलंय. मी स्वतः तिथं उभी होते.

मागच्या वर्षीचा मार्गशीर्ष. संभाजीनगर, सिडको. रात्र-बित्र काही नव्हती. दिवेलागणीची वेळ, गल्लीत माणसांची ये-जा चालू. म्हणून तर ते जास्त लागलं मनाला.

माझी ताई, दमयंती. भावजी अनंतराव, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अगदी शांत माणूस. त्यांना एकच मुलगी. चारुता.

अठरा वर्षांपूर्वी नवरात्रातल्या जत्रेत ताईच्या हातातून तिचा हात सुटला. सहा वर्षांची होती. पाळण्यांपाशी गर्दीचा एक लोट आला... आणि पुढं गेला.

चारू नव्हती.

पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, सिल्लोडपासून बिडकीनपर्यंत सगळे नातेवाईक पायाला भिंगरी लावून फिरले. काही म्हणजे काही कळलं नाही.

ताईनं मात्र 'गेली' हा शब्द कधी घरात येऊ दिला नाही. तिच्या हिशेबानं चारू कुठंतरी होती आणि वाढत होती. "आता दहावीला असेल." "आता नोकरी लागली असेल, पुण्याला असेल." मागच्या वर्षी म्हणाली, आता लग्नाचं बघायला हवं. आमच्या एका आत्यानं एकदा सुचवलं की पोरीच्या नावानं विधी करून टाका, तिचाही जीव सुटेल. ताईनं तिला जेवत्या ताटावरून उठवलं.

तिचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता. पत्त्यावर.

आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी पत्ता पाठ करायला लावतात. हरवलीस तर कुणाही मोठ्या माणसाला सांगायचा, ते घरी आणून सोडतील. चारू तो गाण्यासारखा म्हणायची. घर नंबर, गल्ली, सिडको, औरंगाबाद, चार तीन एक, शून्य शून्य तीन. आणि शेवटी स्वतःच्या मनानं जोडायची, "आमच्याकडं झोपाळा आहे!"

ताई म्हणायची, पत्ता पाठ आहे तिला. येईल.

मधे शहराचं नाव बदललं तेव्हाच ती धास्तावली होती. पण लोकांच्या तोंडी जुनं नाव होतंच, म्हणून गप्प बसली. मग पोस्टाचा तो नवा डिजिटल पत्ता आला. देशभर. जमिनीच्या चार-चार मीटरच्या तुकड्याला आपला वेगळा, अक्षरं-आकड्यांचा कोड. जुना पिनकोड काही बंद झाला नव्हता. पण ताईच्या कॉलनीचे सेक्रेटरी बद्रीनाथकाका म्हणजे लई हौशी माणूस. त्यांनी सगळ्या फाटकांवरच्या जुन्या पाट्या काढायचं ठरवलं. नवं नाव, नवा कोड, सगळ्यांच्या पाट्या एका रंगाच्या.

ताई फाटकाला पाठ लावून उभी राहिली. पाटी काढूच देईना. भावजींनी मला फोन करून बोलावलं. मी गेले आणि चारचौघांत तिला झापलं, काय लहान मुलासारखं चालवलंयस म्हणून.

ती हळूच म्हणाली, "करू, ती कुणाला तरी हाच पत्ता सांगत असेल गं. ते तिला घेऊन इथवर येतील, आणि इथं ते नावही नसेल, तो आकडाही नसेल. मग ते तिला परत घेऊन जातील."

पाटी मात्र निघाली.

मग कोडचा घोळ. भावजींनी मोबाईल घेऊन फाटकात बघितलं तर एक कोड. बैठकीत दुसरा. स्वयंपाकघरात तिसराच. घर एक आणि पत्ते तीन! सगळ्या कॉलनीनं फाटकाचा कोड घेतला. ताई अडून बसली, मला मागच्या दाराचाच पाहिजे. कारण चारू शाळेतून कधी पुढनं यायचीच नाही. मागच्या गल्लीनं यायची आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून चपातीचा पहिला तुकडा मागायची.

झालं. गॅसवाला, कुरिअरवाला, सगळे मागच्या गल्लीतून शेजाऱ्यांचे ओले कपडे चुकवत येऊ लागले आणि भावजींना चार शब्द ऐकवून जाऊ लागले.

आणि ताईनं शिकवायला सुरुवात केली.

दिवेलागणीला ती मागच्या पायरीवर बसायची. समोर रिकामी गल्ली. मोठ्यानं म्हणायची, "चार, सी, तीन... म्हण." थांबायची. मग, "एफ, तीन, के... म्हण."

शेजारपाजारच्या बायका खिडकीतून बघायच्या. मला लाज वाटायची, रागही यायचा आणि रडूही यायचं. मी मनोविकाराच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी मेथीची जुडी घेऊन तिच्याकडं गेले. ताई पायरीवर होती. मी आत ओट्यापाशी. शेजारी मिक्सर चालू, कुणाची तरी मालिका चालू, कुत्री भुंकतायत. नेहमीचंच सगळं.

आणि एकदम...

कुणी माझ्या कानांवर हात ठेवावेत तसं सगळं बंद झालं.

गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. लहान पोरीचा. गाण्यासारखा.

"...औरंगाबाद, चार तीन एक, शून्य शून्य तीन..."

मी मनाला सांगितलं, असेल कुणाची तरी पोर. अभ्यास करत असेल.

मग तो आवाज म्हणाला, "आमच्याकडं झोपाळा आहे."

जुडी हातातून खाली पडली. तो झोपाळा काढून बारा-पंधरा वर्षं झाली होती. कॉलनीतल्या आताच्या पोरांनी तो पाहिलेलाही नव्हता.

मी बैठकीत धावले. भावजी टीव्हीसमोर बसले होते, आवाज नको तेवढा मोठा करून. मी विचारलं, "ऐकलंत?" त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"बरेच दिवस ऐकतोय," म्हणाले. "हिला सांगू नकोस मला ऐकू येतं म्हणून. मग तिथं कुणी नाही, असं मी तिला म्हणू शकणार नाही." आणि उपरण्यानं डोळे टिपले.

मागं ताई गल्लीला समजावून सांगत होती. ते जुनं झालं बाळा, आता नवं म्हण.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. तरी गेले.

सगळं पुन्हा तसंच गप्प झालं. मग लांबून... "चार... सी..." पुढं काही नाही. पुन्हा पहिल्यापासून. "चार... सी... तीन..." प्रत्येक बरोबर अक्षराला आवाज जवळ येत होता. पाण्याच्या टाकीपाशी. मग कडुनिंबापाशी. मग चुकला, आणि एकदम पार मागं, गल्लीच्या टोकाला गेला.

पोर रडवेली झाली होती. आवाजात कळत होतं.

ताई न चिडता सांगायची, "नाही राणी, के नंतर जे. म्हण."

आणि मी, देवासमोर हात जोडायचाही आळस असलेली बाई, ओट्याला धरून मनातल्या मनात म्हणत होते, बरोबर म्हण गं चारू. पुढच्याच क्षणी वाटायचं, नको म्हणू. अर्ध्यावरच विसर.

असं काही दिवस चाललं. डॉक्टरांची वेळ मी रद्द करून टाकली. त्यांना सांगणार काय होते मी?

मग ती संध्याकाळ आली. त्या दिवशी का कोण जाणे, ताईनं दार लोटून घेतलं होतं आणि आतच उभी होती. केस विंचरलेले, ठेवणीतली साडी नेसलेली. भावजींनी टीव्ही लावलाच नव्हता.

आवाज आला.

टाकी गेली. कडुनिंब गेला. शेजारची भिंत गेली. एकही अक्षर चुकलं नाही. शेवटचं अक्षर तर दाराच्या फळीला तोंड लावून म्हटल्यासारखं आलं.

ताईनं दार उघडलं.

पायरीवर कुणी नव्हतं. गल्लीत दिवा लागला होता, समोरच्या भिंतीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. बाकी काही नाही.

पण मी ताईकडं बघत होते. दार उघडताना तिनं मान वर केली होती. आपल्यापेक्षा उंच झालेल्या मुलीच्या तोंडाकडं बघतात ना, तशी. एक क्षण तिथं काहीच सापडलं नाही तिला. मग तिची नजर हळूहळू खाली आली... खाली... थेट कमरेपाशी.

तिनं हात पुढं केला. बोटं मिटली.

"अगं बाई," ती म्हणाली, "केवढीशीच आहे गं अजून."

तेवढं बोलली आणि मटकन खाली बसली. अठरा वर्षांत मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. तिनं मनात दहावीला बसवलेली, नोकरीला लावलेली, लग्नाला आलेली ती मुलगी कुठंच नव्हती. सहा वर्षांची पोर जत्रेतनं हरवली ती तेव्हाच गेली होती. माझ्या ताईला ते त्या पायरीवर कळलं.

भावजी येऊन तिच्या शेजारी बसले. तिची उजवी मूठ रात्रभर मिटलेली होती. पाणी दिलं तर डाव्या हातानं प्यायली.

सकाळी ताईच म्हणाली, पैठणला जाऊ.

गोदावरीच्या काठावर गुरुजींनी नाव विचारलं. भावजींनी माझ्याकडं बघितलं, मी सांगितलं. मग त्यांनी वय विचारलं. मी चोवीस म्हणणार तेवढ्यात ताई म्हणाली, "सहा."

विधी झाला. परत आलो. त्या संध्याकाळी मिक्सर चालू राहिला, मालिका चालू राहिली, कुत्री भुंकत राहिली. गल्लीतून काही आलं नाही. त्यानंतर आजतागायत नाही. सगळे म्हणाले, सुटली पोर, छान झालं. आत्यानंही फोन करून हेच सांगितलं.

तो आवाज कुणाचा, कुठून, मला विचारू नका. मला माहीत नाही. मला त्याची भीतीही उरलेली नाही. झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीनं.

परवा भाजी निवडता निवडता ताई म्हणाली, "करू, अठरा वर्षं ती पत्ता सांगत हिंडली. माझ्यासाठी नवा शिकली. दारात आली. आणि आपण दुसऱ्याच दिवशी तिला पैठणला नेऊन पोचती केली. तिला काय वाटलं असेल गं? आईनं घरात नाही घेतलं, असंच ना?"

मी तिच्यापुढची भाजी ओढून घेतली आणि निवडत बसले.

आता दिवेलागण झाली की मी बँकेतून थेट तिच्याकडं जाते. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसतो. ती काही म्हणत नाही, मीही तिला रागावत नाही. अंधार पडेपर्यंत नुसत्या कान देऊन बसतो... आणि मग उठून आत जातो.