लुगड्याचं दुसरं टोक

आमचं बेट धर्माबादच्या खालतं, गोदावरीच्या पोटात. चहूकडून पाणी, मधी साठ-सत्तर घरं, अन् माळावर कंपनीच्या सोलारच्या प्लेटा. त्या धुवायचं काम आम्हा बायांचं. ऊन तापायच्या आत, तांबडं फुटलं की सुरू.

कंपनीनं लांब दांड्याचे ब्रश दिले, ते महिन्यात मोडले. मग आम्ही जुनी लुगडी काढली. एक बाई प्लेटीच्या पुढं, एक मागं. वलं लुगडं वरून टाकायचं अन् आळीपाळीनं वढायचं. मधी प्लेट, तोंड दिसत न्हाई, नुसता आवाज. मागची "सोड" म्हणल्याबगर पुढचीनं टोक सोडायचं न्हाई. शेवटच्या रांगेच्या मागं दोन पावलांवर दरड हाय, खाली डोह.

तीन वर्सं माझ्या जोडीला केवळाबाई व्हती. डावखुरी, तोंडाची फटकळ. "भामे, वढ की! रातच्याला जेवली न्हाईस का?" श्रावणात ती दरडीवरनं गेली. हातातलं लाल लुगडं बी गेलं. काहीच गावलं न्हाई. लोक म्हणले, पाय घसरला. मी बी तेच म्हणले.

तिच्या जागी माझी सून आली, दिपाली. तवापासून झोपेत बी माझ्या मुठी आवळलेल्या. माझा हात सुटला की पोरगी गेली.

पौषातली सकाळ. धुकं असं की शेवटच्या रांगेवरनं अलीकडची रांग दिसंना. हिरवं लुगडं टाकलं, दिपाली मागं गेली. मी वढलं, तिनं वढलं. चाललं बराच वेळ. मग मागून हिसका आला, लई जोराचा.

"हळू ग, दिपाले…"

शेवाळाचा वास आला, डोहाच्या तळाचा.

"आत्याबाई, कुणाशी बोलून राहिल्या?"

आवाज माझ्या पाठीमागून. वळून बघते तर दिपाली, हातात पाइप. "पाणी बंद पडलं म्हणून मी कवाच मोटारीकडं गेले व्हते."

माझ्या हातातलं लुगडं ताणलेलंच.

"मागं कोण हाय? थांबा, बघते."

"जाऊ नको!" मी वरडले. "तिकडं पाऊल टाकू नको…"

"मग सोडा तरी ते!"

"न्हाई… एकदा सोडलं व्हतं, पोरी. फोन वाजला, अन् मी न सांगता हात काढला. केवळा घसरली न्हाई… मी सोडलं."

प्लेटीच्या मागून, अगदी हळू, आवाज आला.

"सोड."

मी सोडलं. हिरवं लुगडं सरसरत प्लेटीवरून पलीकडं गेलं. आम्ही दोघी कान देऊन उभ्या. खाली पाण्यात काही पडल्याचा आवाज आलाच न्हाई.

हात धरून घरी आलो. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कंबरेला. उघडलं.

आतल्या दोरीवर हिरवं लुगडं वाळत घातलेलं. त्याच्या टोकाला गाठ, डाव्या हाताची. गाठीच्या पुढं लाल लुगडं, चिखलानं भरलेलं, पाणी गळून राहिलेलं. त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजातून भाईर, नदीकडं गेलेलं.

लोंबत नव्हतं. ताणलेलं व्हतं.