अठ्ठावन्न किलो

माझी पिकअप हलकी आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. भिलाईच्या जीई रोडवरचा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न मारून तेच सांगायचा. तरीही मी तिच्यामागे चौदाशे किलोच्या कम्प्रेसरचा ट्रेलर जोडला होता. रसमड्याच्या एका कारखान्यात बारा दिवसांचं दुरुस्तीचं काम निघालं होतं. रोज सकाळी खुर्सीपारहून कम्प्रेसर तिथे न्यायचा, दोनची पाळी सुटली की परत आणायचा. गाडी ही एकच. तिचं डावं दार आतून उघडत नाही, क्लच दोनदा बदललाय, पण आहे माझी. ती बसली असती तर मी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालो असतो.

पहिल्याच दिवशी ट्रेलरनं शेपूट हलवायला सुरुवात केली. चाळीसच्या वर काटा गेला की मागून गाडीला असे हिसके बसायचे की स्टिअरिंग हातात राहीना. पॉवर हाऊसजवळ भय्याजींचं गॅरेज आहे. त्यांनी पिकअपचं मागचं चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत बोटं घालून पाहिली. आमच्याकडे हेच माप. रिकाम्या गाडीला पाच बोटं जातात, हुकावर नीट भार असला की चार.

"पाच जाऊन राहिली, सुगत," भय्याजी म्हणाले. "सारं वजन मांगं हाय. ट्रेलरच्या पुढच्या अंगाले काई जड बांध."

जड वस्तू शोधायला मला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या क्वार्टरमधली मैनाबाई लेकीकडे गोंदियाला गेली होती. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. तिच्या अंगणात कडुलिंबाखाली लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा होता. वरची बाजू घासून गुळगुळीत झालेली, बाजूला २२१७ असा आकडा ठोकलेला. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या ओताचा आकडा असेल, असं मी धरून चाललो. भिलाईत कुणाच्या अंगणात लोखंड नसतं? कुणी दाराला लावतं, कुणी त्यावर कपडे धुतं. ते कुणाचं आहे असं कुणी विचारत नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर तो अठ्ठावन्न किलो भरला. भंगारवाल्याच्या मदतीनं उचलून मी तो ट्रेलरच्या पुढच्या बाजूला अँगलमध्ये बोल्टनं कसला. मैनाबाई महिन्यानं येणार होती. ती यायच्या आत जागेवर ठेवला की झालं.

फटीत चार बोटं गेली. ट्रेलरची शेपूट थांबली. आणि दुसरंच दुखणं सुरू झालं.

जाताना गाडी ओढेना. दुर्ग ओलांडून शिवनाथच्या पुलावर आलो की कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चाल. चौथ्या गिअरची गाडी दुसऱ्यात. येताना मात्र तोच ट्रेलर, तोच कम्प्रेसर, आणि गाडी गवळ्याच्या सायकलीसारखी पळायची. मी ब्रेक उघडून पाहिले. हबला हात लावला, गार. बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं. जाताना एकदा, येताना एकदा धर्मकाट्यावर चढवली. दोन्ही पावत्यांवर एकच वजन.

"रस्त्याले चढ असन," भय्याजी म्हणाले.

"पुलाले कुठला चढ, भय्याजी?"

त्यांनी चहाचा ग्लास पुढे केला. मला असा राग आला की मी त्यांचा चहासुद्धा घेतला नाही. चौथ्या दिवशी ठोकळा काढून गेलो. शेपूट हलली, पण गाडी ओढली. पाचव्या दिवशी ठोकळा बसवला, पुन्हा तेच. चौदाशे किलो ओढणाऱ्या गाडीला अठ्ठावन्न किलो जड होतात हे मी कुणाला सांगणार होतो? माझं मलाच पटत नव्हतं. मी दहा वर्षं गाडी चालवतोय. वजन कळायला मला काटा लागत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी गाडी कारखान्याच्या गेटात अडली. पुढची चाकं आत, ट्रेलर बाहेर. मागे तीन ट्रक. वॉचमन शिटी फुंकत होता. क्लचचा जळका वास केबिनमध्ये भरला आणि माझं डोकं फिरलं. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलेटर पार खाली दाबला, आणि आरशात ट्रेलरकडे बघत ओरडलो, "जाचं नसन तं उतर न बे इथंच!"

गाडी एकदम सुटली. इतकी की मी आतल्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळता आदळता राहिलो.

त्या दुपारी परत येताना मी गाणं म्हणत होतो. दुर्गला थांबून सहज बोटं घातली, तर पाच गेली. बोल्ट पाहिले, घट्ट होते. ठोकळा होता तिथेच होता. कमानीचे पाटे अडकून वर राहिले असतील, म्हटलं. गाडी ओढतेय ना, मग मरू दे.

घरी पोचलो तर मैनाबाई अंगणात बसली होती. पिशव्या अजून सोडल्या नव्हत्या. कडुलिंबाखालच्या मोकळ्या मातीवर तिनं हात ठेवला होता.

"मावशी, तुमी तं महिन्यानं येणार होत्या."

"मन लागे ना तिथं." तिनं वर पाहिलं. "बापू, इथलं कोनं नेलं?"

मी खरं काय ते सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आमचे रसमड्यात कामाले होते," ती म्हणाली. "तवा तिथं लोखंड गाळत. ते त्या रसात पडले. अंगाचं हाताले काईच लागलं नाई. मंग कंपनीनं त्यायच्या वजनाचा ठोकळा कापून देला. म्हने यालेच माती द्या. अठ्ठावन्न किलो. मी देली नाई माती. म्हटलं, माह्यासंग जाईन."

"आणि तो नंबर?"

"त्यायचा कामावरचा टिकट नंबर."

माझी मान वर होईना. ती रोज त्या ठोकळ्याला पाण्यानं धुवायची, हे मी आठ महिने कुंपणावरून पाहत आलो होतो. कपडे धुते असं मला वाटायचं. मी पाना घेतला, बोल्ट सोडले, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी जोर लावला.

मी मागच्या मागे पडलो. ठोकळा रिकाम्या डब्यासारखा माझ्या हातात आला होता.

मैनाबाईनं तो एका हातानं माझ्याकडून घेतला. सत्तर वर्षांची बाई. मांडीवर ठेवला, कानाशी नेला, परत ठेवला.

"हे रिकामं हाय," ती म्हणाली. "कुठी उतरवलं त्यायले?"

मी ठोकळा बगलेत मारून भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या काट्यावर तो अठ्ठावन्न किलो भरला. परत येतानाही तो बगलेतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कम्प्रेसरचा ट्रेलर कारखान्यात सोडला, आजची रात्र तो तिथेच राहू दे म्हटलं, आणि मैनाबाईला आणायला परत खुर्सीपारला आलो. तिनं इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं. सोबत डबा घेतला होता. ठोकळा मी या वेळी पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांवर ठेवला. मैनाबाई डावीकडे खिडकीपाशी बसली आणि रसमड्यापर्यंत बाहेरच बघत राहिली. मी मात्र बोलत होतो. त्या कारखान्याला आता मालक तिसरा आहे, भट्टी कधीच पाडली, असलं काहीबाही.

पावणेदोनला गेटसमोर निंबाच्या सावलीत गाडी लावली. तिनं मला तिचं दार उघडायला लावलं, मग खाली न उतरता तशीच बसून राहिली.

दोनचा भोंगा झाला. माणसं बाहेर पडू लागली. कुणी सायकलवर, कुणी हातात हेल्मेट घेऊन. मैनाबाई प्रत्येकाकडे बघत होती. गर्दी संपली. वॉचमननं गेट लोटलं.

मी खाली उतरून मागे गेलो. मागच्या चाकाच्या फटीत बोटं घातली. पाच.

रागानं मला रडू आलं. कुणावर रागावू तेही कळत नव्हतं. एका म्हातारीजवळ एवढं एकच होतं, आणि ते मी हिसके बसू नयेत म्हणून बोल्टनं कसलं होतं.

"मावशी, चाला आता," मी म्हणालो. "काई नाई इथं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. उघड्या दाराबाहेर बघत होती.

"सुट्टी झाली," ती हळूच म्हणाली. "या."

मग डबा छातीशी धरून ती सीटवर सरकली. माझ्या बाजूला, मधल्या जागेवर. खिडकीकडची जागा तिनं मोकळी सोडली.

मी दार लावायला गेलो. दोनदा ढकलावं लागलं.

खुर्सीपारपर्यंत गाडी डावीकडे ओढत होती. मी स्टिअरिंग उजवीकडे धरून होतो. डाव्या टायरात हवा कमी असेल, असं मनाला सांगत होतो. शिवनाथचा पूल आला. मैनाबाईनं डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला आणि झाकणावर ठेवून खिडकीच्या बाजूला सरकवला. मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो.

घर आलं. मी वळसा घालून डावं दार उघडलं. मैनाबाईला हात देण्यासाठी पुढे झालो.

"थांब, बापू," ती म्हणाली. "पयले त्यायले उतरू दे."

मी दार धरून बाजूला झालो. गाडीची डावी बाजू कमानीवर हळूच वर आली.

मैनाबाई अजून आतच बसली होती.