बाई बर्फावर उतरल्या तेव्हा

तो बर्फावर आडवा पडला होता, आणि मला वाटलं, गेला!

एवढ्या मोठ्या स्केटिंग रिंकमध्ये दुसरं कुणी नव्हतं. छताचे अर्धे दिवे बंद, आणि मधोमध हा बुवा, गाल बर्फाला टेकवून निपचित. मी हातातल्या पेट्या तिथेच ठेवल्या, कठड्याचं दार ढकललं आणि धावले. म्हणजे पहिली दोन पावलं धावले, पुढचा प्रवास बसून झाला. साध्या बुटांनिशी गरगरत मी त्याच्या नाकासमोरून थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत गेले आणि तिथे आपटून थांबले.

"लागलं का हो?" त्याने गाल न उचलताच विचारलं.

"मला सोडा! तुम्हाला काय झालंय?"

"मला? काही नाही. बर्फाला चर किती पडलेत ते बघतोय. आडवं झालं की दिव्याच्या उजेडात नीट दिसतात." तो उठून बसला. एका गालावर पांढरं भुरभुरलेलं, आणि डोळ्यांत हसू अगदी काठोकाठ. "इथे माणसं सहसा पात्यांचे बूट घालून येतात."

"मी स्केटिंगच्या मास्तरांना शोधतेय," मी होता-नव्हता तेवढा रुबाब गोळा करून म्हणाले. "मला शिकवायला नेमलंय त्यांना."

"मग पहिला धडा झाला की," तो म्हणाला. "पडता छान येतं तुम्हाला."

असा मला मास्तर भेटला.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझा कॅमेरा हातात नसतो, अंगावर असतो. छाती-कमरेला करकचून आवळलेलं एक जाकीट, त्यातून निघालेला स्प्रिंगचा हात, हाताला एक खांब, खांबाच्या डोक्यावर कॅमेरा आणि खालच्या टोकाला चित्र दाखवणारा छोटा पडदा. मी जिने चढले, धावले, ठेचकाळले तरी चित्र कसं पाण्यावरून तरंगत गेल्यासारखं यावं, यासाठी हा सगळा खटाटोप. वजन म्हणाल तर शाळेतलं पोर कडेवर घेतल्यासारखं. पहिल्यांदा मी ते चढवलं तेव्हा मास्तर माझ्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "चिलखत!" झालं, तेव्हापासून मी चिलखतवाली.

आम्ही फिल्म करत होतो ती त्याच्या आईवर. गावात सगळे तिला 'बाई' म्हणायचे. तरुणपणी बाईंचं स्केटिंग बघायला लोक गाड्या करून यायचे म्हणे. मग गुडघा गेला, आणि मास्तरचा जन्म व्हायच्या आधीच पाती खुंटीला लागली. तेव्हापासून बाई कठड्याबाहेर उभ्या. लोकरीची टोपी, जाड बूट आणि खणखणीत आवाज. "डावा खांदा! अरे, डावा म्हणजे कुठला?" एवढ्या आवाजावर त्यांनी अख्ख्या गावाला बर्फावर उभं केलं. स्वतःच्या मुलालासुद्धा.

"मी आईला बर्फावर कधी बघितलेलंच नाही," तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला. बूट बांधत होता, वर न बघता बोलला. "फोटो आहेत चार-पाच. सगळ्यांत एक पाय चौकटीबाहेर. फोटो काढणाऱ्याला तिचा वेगच झेपला नाही."

आता बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर पाती कायमची बंद. डॉक्टरांनी कुरकुरत परवानगी दिली होती ती एकदाच, थोडा वेळ, आणि उडी अजिबात नाही. बाईंनी जागा निवडली ती गावाबाहेरचं गोठलेलं तळं, जिथे त्या लहानपणी शिकल्या होत्या. टेक एकच, दुसरा मागायची सोयच नव्हती.

"आणि मला तो चेहरा हवा," आमचा दिग्दर्शक हातमोज्यासकट नखं खात म्हणाला. "पाय सगळेच दाखवतात."

चेहरा हवा म्हणजे बाई पुढे येणार, आणि मी त्यांच्यापुढे उलटी जाणार. उलटी, बर्फावर, पडद्यावरची नजर न हलवता. मागे काय आहे ते मला दिसणारच नव्हतं. म्हणून माझ्या जाकिटाला मागून एक पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून, मला ओढत नेणारा माणूस. पाठीला पाठ. त्याने वाट बघायची, मी चित्र बघायचं.

सराव मास्तरने घेतला. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या वेळा एकमेकांच्या अंगावर कोसळलो, की त्यानंतर अहो-जाहो टिकणं शक्यच नव्हतं.

"गुडघे वाक. अजून. खुर्ची आहे समज."

"कुठेय खुर्ची?"

"मी आहे ना मागे!"

आणि खरंच तो होता. पट्टा जरा डावीकडे ताणला की मी डावीकडे, उजवीकडे ताणला की उजवीकडे. हळूहळू तर ताणही कळेनासा झाला. त्याचा श्वास बदलला की माझी टाच आपोआप वळायची. मी आजवर ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांचे चेहरे मला पाठ आहेत... याची मात्र पाठच पाठ झाली. रात्री खोलीवर जाकीट उतरवलं तरी तिथे काहीतरी ऊबदार टेकलंय असं वाटायचं. मला कळत होतं हे काय चाललंय. न कळायला मी काही शाळेतली नव्हते.

पण चित्रीकरणाच्या दिवशी पट्टा त्याच्याकडे नसणार होता. ते आधीपासूनच ठरलेलं. त्या दिवशी तो काठावर उभा राहून आईला बघणार, आणि मला ओढायला हॉकीचे कोच येणार. तगडा माणूस, बर्फावरच वाढलेला. आदल्या दिवशी सकाळी तळ्यावर रंगीत तालीम झाली.

ते तळं! मी इतका बर्फ बघितला, पण असा नाही. काळाभोर, म्हणजे इतका नितळ की खालचं काळं पाणी दिसावं. आत हवेचे बुडबुडे गोठलेले, एकावर एक रचलेल्या बशांसारखे. मी पाऊल टाकलं आणि या काठापासून त्या काठापर्यंत एक लांबलचक घुमारा गेला. मी टाकलेलं पाऊल तसंच मागे घेतलं.

"काही नाही," मास्तर हळूच म्हणाला. "तळं आळस देतंय. बर्फ जाड आहे, मी ठिकठिकाणी भोकं पाडून बघितलाय. फक्त तिथे, ओढा येऊन मिळतो तिथे पातळ आहे. लाल झेंडे लावलेत. त्यांच्या आत जायचं नाही."

हॉकीच्या कोचने पट्टा धरला आणि ओढलं. ओढलं म्हणजे ट्रॅक्टरने ओढावं तसं ओढलं! माझे पाय एकीकडे, मी एकीकडे. वळणावर तर आम्ही लाल झेंड्यांकडेच निघालो. मी कॅमेरा कवटाळून गुडघ्यांवर बसले, तशीच घसरत गेले आणि झेंड्याच्या अलीकडे थांबले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याचा हात मला समजत नव्हता, एवढंच.

दिग्दर्शकाने हातमोजा तोंडातून काढला. नखं संपली होती बहुतेक. मी बर्फावर बसलेली, कानशिलं तापलेली. एका माणसाने जन्मभर वाट बघितलेली गोष्ट आता माझ्या पायांपायी हुकणार होती, आणि ते सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं होतं. मास्तरने काठावरून येऊन पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला.

"मी ओढतो उद्या," तो म्हणाला.

"अरे, पण मग तुला..."

"पडद्यावर बघेन."

"ते काय खरं बघणं आहे? तुझ्या खांद्याला मोटारसायकलचा आरसा लावू या. खरंच!"

तो हसला. "आरशात बघत बसलो तर दोघंही ओढ्यात. आणि आईची ही एकच संधी वाया घालवायची नाहीये मला. फिल्म झालीच नाही तर कुणीच बघणार नाही तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन नुकतंच तळ्यावर टेकलं होतं. बाई एका खुर्चीवर बसल्या आणि मास्तरने गुडघ्यांवर बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या आवळल्या. बाई उठल्या.  मग तो माझ्यामागे आला, पट्टा अडकवला, पाठ फिरवली.  

"ॲक्शन!"

आवाज नंतर भरणार होते, माइक बंद होते. म्हणजे बोलायला बंदी नव्हती. तरी मी हे ठरवून केलं नाही. बाई निघाल्या आणि माझ्या तोंडून शब्द आपोआप सुटले.

"निघाल्या. हात खाली आहेत... पाय चाचपडतायत जरा."

पट्टा क्षणभर थबकला. मग पुन्हा चालू झाला.

"बोल," तो म्हणाला. "बोलत राहा."

"आता उजवा पाय. लांब सरकल्या, खूप लांब. हात वर येतायत... अरे, त्या हातांचं वय गेलं कुठे? टोपी पडली. पांढरे केस सुटलेत सगळे. त्यांना पर्वाच नाही."

"वळण आलं, डावीकडे."

"हो. त्याही वळल्या. वाकल्या नाहीत, नुसत्या कलल्या. एकच पाय बर्फावर आहे, दुसरा मागे, उंच. मास्तर, त्यांच्याखाली काळं पाणी आहे, आणि त्या त्यावरून चालल्यात, वजनच नसल्यासारख्या..."  पडदा धूसर व्हायला लागला म्हणून मी डोळे मिचकावले. "हसतायत. तोंड मिटून, पण हसतायत."

"कॅमेऱ्याकडे?"

इतकी वर्षं मी माणसांच्या नजरा मापत आले आहे. कोण लेन्समध्ये बघतंय आणि कोण केसभर बाजूला, ते मला चुकत नाही. बाई लेन्समध्ये बघत नव्हत्या. जरा वर, जरा डावीकडे.

"नाही," मी म्हणाले. "तुझ्या पाठीकडे."

पट्ट्यातून एक हुंदका आला. आवाज नाही, नुसता हिसका. पण तो वळला नाही. लाल झेंडे माझ्या चौकटीच्या कडेने सरकत गेले. आम्ही त्यांच्या बाहेरून, अगदी अलगद, वळण घेऊन सुटलो.

आणि तेवढ्यात बाईंनी ते केलं.

मी बोलायचं विसरले. खरंच विसरले. सगळं तळं, तो काठ, ते ऊन मला एकाच क्षणी दिसलं.

"काय झालं?" तो कासावीस झाला. "बोल ना! पात्यांचा आवाज थांबला!... आला. पुन्हा आला. पडली का?"

"उडाल्या," मी कसंबसं म्हणाले. "उडी मारली त्यांनी. उतरल्या. नीट उतरल्या, एका पायावर."

"डॉक्टरने नाही म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि रडत-हसत त्याने वेग कमी केला. "कुणाचंही ऐकत नाही ती."

"कट!" दिग्दर्शक ओरडला. त्याचाही आवाज फाटला होता.

मास्तर वळला. आई त्याच्यापुढे दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती, लहान मुलीसारखी लाल झालेली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग जवळ जाऊन त्याने स्वतःची टोपी तिच्या केसांवर चढवली. 

"या, या, सगळे या!" दिग्दर्शक मोठ्या पडद्याजवळून हाका मारत होता. "आलंय! सगळं आलंय! मास्तर, पहिला मान तुमचा!"

मास्तर जागचा हलला नाही.

"जा ना," मी म्हणाले.

"जातो. आधी तू सांग." तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पापण्यांवर पाणी गोठलेलं. "ती हवेत होती तेव्हा तू गप्प झालीस. तेवढंच राहिलंय माझं. काय दिसलं तुला?"

मी प्रयत्न केला.  "नाही रे सांगता येत... मोठं आहे ते. एका दमात नाही व्हायचं."

"मग रोज थोडं थोडं सांग," तो म्हणाला. "मला कसलीच घाई नाही. म्हातारा होईपर्यंत ऐकेन."

बाकीचे लांब, पडद्याभोवती गोळा झालेले. तळ्याने पुन्हा एकदा आळस दिला, आणि या वेळी मला भीती वाटली नाही.

"सून शहाणी दिसतेय," बाई खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या, अगदी कठड्याबाहेरच्या त्या खणखणीत आवाजात. "तुलाच अक्कल नाही. अरे, तिच्या अंगावरचं ओझं उतरव आधी, मग काय ते लग्नाचं विचार!"

"मी लग्नाचं कुठे..." तो कानापर्यंत लाल झाला.

"मग कधी विचारणार आहेस?" मी म्हणाले.

त्याने एकामागून एक पट्टे सोडले. शेवटचा अडकला, तो मीच सोडवला. जाकीट उतरलं, आणि आम्हा दोघांमध्ये पहिल्यांदाच कॅमेरा नव्हता, पट्टा नव्हता, पाठ नव्हती. त्याने विचारलं. मी हो म्हणाले, आणि बाईंनी जाड हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या.