महाडला उतरलेला माणूस

येसूबाई माझी सख्खी मावशी. गरजेपुरतंच बोलणारी बाई. हे तिनं आयुष्यात एकदाच सांगितलं, म्हणून मी खरं धरून चालते.

१९७९ चा चैत्र. मंगळवार, भर दुपार.

मुंबईच्या इस्पितळानं तिच्या नवऱ्याला, महिपतला, घरी पाठवलं होतं. घशाचा कॅन्सर. "आता उपाय नाही. उरलेले दिवस सुखात जाऊ देत," एवढंच डॉक्टर म्हणाले.

सुखात... पण कुठं?

घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. गाडीरस्ता नाही. मंगळवारी चौघांनी डोली घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर थांबावं, असा निरोप गेला होता.

"लग्नात तू डोंगर चढून आलीस," महिपत एसटीत घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आता माझी वरात."

महाड जवळ आलं आणि तो कळवळू लागला. मावशीचं मन फिरलं. महाडला तिचा भाऊ राहायचा. रोज दुखणं थांबवायची सुई द्यायला डॉक्टर होता. वाडीत कोण देणार?

"हितंच उतरू."

"नको गो. मला घरी ने."

"दोन दिवस. मग जाऊ."

तिनं त्याला धरून उतरवलं. एसटी पुढं निघून गेली...

भावाच्या खोलीत डॉक्टरनं सुई दिली. तो शांत झाला. मावशी त्याचा हात धरून बसली.

मग डोळे मिटूनच तो पुटपुटला...

"हळू रे. दगड निसटतोय."

"ग्लानी आहे," भाऊ म्हणाला.

दिवेलागणीला हात गार पडला.

सकाळी पहिल्या गाडीनं चुलतदीर भिकू आला. वाडीत अजून कुणाला काही कळलं नव्हतं.

"वैनी, दादा हितं हाय काय?"

भावानं चादरीखालच्या देहाकडं बोट केलं.

"काल गाडीतनं एकलाच उतरला. तुझं इचारलं, तर म्हणला, ती मागनं येते. आमी डोलीत घातला. खांदं सोलवटलं बघ... दारात उतरवली, तर डोली रिकामी."

मावशीनं एवढंच विचारलं, "वाटेत कण्हत होता का रे?"

"नाय. झाडं बघत व्हता."

मावशी तेव्हा रडली. आधी रडली नव्हती.

हे सांगून झाल्यावर ती मला म्हणाली, "घरी पोचला, बरं झालं. पण मग मी कुणाचा हात धरून बसले होते?"

आजही आजाऱ्याचा हात धरायची वेळ आली की मी आधी त्याचं तोंड नीट बघून घेते.